दोघांचा पहिला परदेश प्रवास लिस्बनला: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२५च्या जूनमध्ये आम्ही दोघं आठ दिवस लिस्बनला, म्हणजे पोर्तुगालच्या राजधानीत, राहून आलो. लग्नाला सात वर्षं झाली होती, पण एकत्र असा हा पहिलाच परदेश प्रवास. आल्यापासून बहिणी, ऑफिसातल्या मैत्रिणी, नवऱ्याचे मावसभाऊ असे सगळे तेच तेच प्रश्न विचारतात. प्रत्येकाला फोनवर सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून सगळी उत्तरं इथे एकत्र लिहिली आहेत.

पॅरिस, स्वित्झर्लंड सोडून लिस्बनच का?

आम्हाला बघण्यापेक्षा राहायचं होतं. एक शहर, एक खोली, रोज सकाळी कोपऱ्यावरच्या त्याच टपरीवजा कॅफेत कॉफी. लिस्बन त्यासाठी योग्य आकाराचं आहे. फार मोठं नाही, तरी रात्री अकरालाही रस्त्यावर गप्पा चाललेल्या असतात, खिडक्यांमध्ये कपडे वाळत असतात, खाली कोणीतरी मासे भाजत असतं.

दुसरं कारण घरचं आहे. नवरा सावंतवाडीचा. त्याची आई अजूनही खिडकीला ‘जनेल’ म्हणते. ज्या घरात आम्ही उतरलो तिथल्या मालकीणबाई पहिल्या दिवशी खोली दाखवताना हात करून म्हणाल्या, ‘झनेला’. नवरा बॅग हातात धरून तसाच उभा राहिला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “अगं, आई म्हणते तेच!” इतक्या लांब येऊन दारातच आईचा शब्द भेटला.

मग भाषेची अडचण येत नाही?

इंग्रजीवर काम चालतं, तरुण मंडळी तर उत्तम बोलतात. पण थोडं पोर्तुगीज कानावर पडू द्या, फार मजा येते. आपण रोज वापरतो ते कितीतरी शब्द तिथून आलेले आहेत: पाव, बटाटा, साबण, चावी, बादली, घमेलं, कोबी, काजू, अननस, नाताळ, लिलाव. पैसे देणं या अर्थाचं त्यांचं क्रियापद ‘पगार’ आहे! सुपरमार्केटमध्ये फळांवरच्या पाट्या वाचत आम्ही अर्धा तास घालवला होता.

‘आभारी आहे’ एवढं मात्र पाठच करून जा. पुरुष ‘ओब्रिगादो’ म्हणतो, बाई ‘ओब्रिगादा’. मी आलो, मी आले असं बोलणाऱ्याला हे वेगळं शिकवावं लागत नाही. आणि दुकानात शिरताना ‘बों दिया’, म्हणजे सुप्रभात, म्हणायचंच. न बोलता थेट वस्तू मागणं तिथे उद्धट वाटतं.

व्हिसा कसा काढायचा?

पोर्तुगाल शेंगेन गटात, म्हणजे एकच व्हिसा चालणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहे, त्यामुळे अल्प मुदतीचा शेंगेन व्हिसा लागतो. त्यावर १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस राहता येतं. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उशिरात उशिरा १५ दिवस आधी द्यावा लागतो. कृपा करून १५ दिवसांवर थांबू नका. उन्हाळ्याच्या आधी अपॉइंटमेंट मिळणं हेच मोठं काम असतं, आम्ही अडीच महिने आधी दिला होता. मोठ्या माणसाची फी ९० युरो, शिवाय अर्ज केंद्राचं सेवाशुल्क.

पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत काढलेला हवा, परतीच्या तारखेनंतर निदान तीन महिने चालू हवा आणि त्यात दोन पानं कोरी हवीत. प्रवास विमा किमान ३०,००० युरोंचा लागतो. ही विम्याची अट वाचून बरेच जण सर्वात स्वस्त पॉलिसी उचलतात. तसं करू नका, दवाखान्यात दाखल व्हायची वेळ आली तर पैसे थेट भरले जातात की आधी आपण भरायचे, एवढं तरी विचारून घ्या.

नवरा-बायको असलात तरी अर्ज दोन, फॉर्म दोन, बोटांचे ठसे दोघांचे. एकाच्या खात्यातून दोघांचा खर्च होणार असेल तर तसं पत्र आणि विवाह नोंदणीचा दाखला जोडा. आणि ज्या देशात सर्वात जास्त रात्री राहणार त्या देशाकडेच अर्ज करायचा असतो. सात रात्री लिस्बन आणि दोन रात्री माद्रिद असेल तर पोर्तुगालकडे.

माझ्या पासपोर्टवर माहेरचं आडनाव आहे. अडेल का?

नाही. माझ्याही पासपोर्टवर माहेरचंच आहे. फक्त तिकीट, विमा, हॉटेल, फॉर्म सगळीकडे पासपोर्टवर आहे अगदी तेच नाव, त्याच स्पेलिंगने लिहा. घोटाळा होतो तो तिकीट काढणाऱ्याने प्रेमाने सासरचं आडनाव घातल्यामुळे. विवाहाचा दाखला हँडबॅगेत ठेवा. आम्हाला कोणी विचारला नाही, तरी होता म्हणून निश्चिंत होतो.

विमानतळावर काय होतं?

मुंबईहून लिस्बनला जाताना मध्ये विमान बदलावं लागतं: दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टसारखं एखादं युरोपातलं शहर. युरोपात बदललंत तर इमिग्रेशन तिथेच होतं, लिस्बनला नाही. त्यामुळे मधला वेळ निदान तीन तासांचा ठेवा. आमच्या पासपोर्टवर शिक्का मारला गेला. ऑक्टोबर २०२५पासून मात्र बोटांचे ठसे आणि फोटो घेऊन संगणकावर नोंद करायची नवी पद्धत सुरू झाली आहे, त्यात पहिल्या वेळी जास्त वेळ जाऊ शकतो.

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे. मेट्रोची लाल लाइन थेट विमानतळातून निघते, आलामेदाला हिरव्या लाइनवर बदललं की अर्ध्या तासाच्या आसपास मध्यवस्तीत. कार्ड प्रत्येकाचं वेगळं लागतं, एका कार्डावर दोघांना जाता येत नाही. घड्याळ उन्हाळ्यात आपल्यापेक्षा साडेचार तास मागे, हिवाळ्यात साडेपाच. घरी फोन करायचा तर दुपारी करा, रात्री त्यांची झोपमोड होते.

कुठल्या भागात राहावं?

हा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, आणि आम्ही चुकलो तो इथेच. म्हणून जरा सविस्तर सांगते.

लिस्बन सात टेकड्यांचं शहर म्हणवतं आणि टेकड्या खरोखरच पायांना जाणवतात. आम्ही आल्फामा या टेकडीवरच्या जुन्या वस्तीत घर घेतलं, कारण फोटोत खिडकीतून नदी दिसत होती. नदी दिसायची, खोटं नव्हतं. पण गाडी जिथे सोडते तिथून पुढे एकशे दहा पायऱ्या, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. जाहिरातीत पायऱ्यांचा उल्लेख नव्हता. वीस तासांचा प्रवास करून आलेले आम्ही, दोन तेवीस किलोच्या बॅगा, ऊन. साठाव्या पायरीवर आमचं भांडण झालं. बॅग कोणी एवढी भरली, घर कोणी निवडलं, मागच्या वर्षी महाबळेश्वरला कोणी काय केलं होतं, सगळं निघालं. समोरच्या घरातल्या आजी दारात बसल्या होत्या. त्यांनी आत जाऊन स्टीलच्या पेल्यात गार पाणी आणून दिलं. एकच पेला. आधी त्याने मला दिला.

तर, आल्फामा सुंदर आहे आणि पुन्हा गेलो तर मी तिथेच राहीन, पण छोटी बॅग घेऊन. गुडघ्यांचा त्रास असेल तर बायशा भाग घ्या. तो सपाट आहे, रस्ते काटकोनात आखलेले. त्याला कारण आहे. १ नोव्हेंबर १७५५ला लिस्बनमध्ये प्रचंड भूकंप झाला, मागोमाग समुद्राची लाट आणि आगी. शहराचा हा भाग भुईसपाट झाला आणि मार्केश द पोंबाल या मंत्र्याने तो नव्याने सरळ रेषांत बांधून घेतला. घरांच्या भिंतींत लाकडाचा पिंजरा घातला, जेणेकरून हादरा बसला तरी घर उभं राहावं. आल्फामा मात्र खडकावर असल्यामुळे बराचसा वाचला, म्हणून तिथल्या गल्ल्या अजून जुन्या, वाकड्यातिकड्या आहेत. बाय्रो आल्तो हा भाग रात्रभर जागा असतो, झोप हवी असेल तर तो टाळा.

माणशी दर रात्री चार युरो पर्यटक कर वेगळा भरावा लागतो, जास्तीत जास्त सात रात्रींचा.

कोणती पादत्राणं न्यावीत?

रबरी, खडबडीत तळव्याचे बूट. फुटपाथ पांढऱ्या-काळ्या चुनखडीच्या छोट्या चौकोनी दगडांचे आहेत, हातांनी बसवलेले, नक्षीचे. वर्षानुवर्षं पायांनी झिजून गुळगुळीत झालेत. पावसाचा एक शिडकावा आला की साबण ओतल्यासारखे होतात. मी ग्रासा नावाच्या भागातल्या उतारावर घसरले, मनगट दोन दिवस दुखलं. उंच टाचा घरीच ठेवा.

आम्ही शाकाहारी आहोत. उपाशी राहू का?

मी शाकाहारी, अंडं चालतं. नवरा मालवणी, त्याला मासा दिसला की सणच. दोघंही नीट जेवलो.

तिथलं सूप फार चांगलं, भाज्यांचं, साध्या खानावळीतही असतं. पण ‘काल्दु व्हेर्द’ या प्रसिद्ध हिरव्या सूपमध्ये डुकराच्या सॉसेजचे काप असतात, ते न घालता द्या म्हणून आधी सांगायचं. ‘तोश्ता मिश्ता’ सँडविचमध्ये हॅम असतं, ‘तोश्ता द केज्जु’ मागा, त्यात फक्त चीज. बेकरीच्या काचेत चक्क सामोसा दिसेल. गोव्यामार्गे तिकडे पोहोचलेला, ‘शमूसा’ म्हणतात त्याला. हरखून लगेच घेऊ नका, सारण बहुधा मांसाचं असतं, विचारा. मोरारिया आणि मार्तिम मोनिझ भागात भारतीय, बांगलादेशी, नेपाळी दुकानं आहेत, डाळ-तांदूळ-मिरच्या सगळं मिळतं. लुमियारकडे राधाकृष्णाचं मंदिर आहे. मोझांबिकमधून तिकडे गेलेल्या गुजराती कुटुंबांचा त्या समाजात मोठा वाटा आहे. तिथे शाकाहारी जेवणही मिळतं.

आणि पाश्तेल द नाता. कुरकुरीत पापुद्र्याच्या वाटीत अंड्याच्या बलकाचं कस्टर्ड, वरून जरा करपवलेलं. बेलें भागातलं जुनं दुकान १८३७पासून चालू आहे. रांग मोठी दिसली तरी आत बसायला जागा लवकर होते. वर दालचिनी भुरभुरवा. दालचिनी कुठून आली हे आपण लोकांनी लक्षात ठेवावं.

हॉटेलात न मागता पाव आणि ऑलिव्ह आणून ठेवतात. ते फुकट असतात का?

नसतात. त्याला ‘कुव्हेर’ म्हणतात. खाल्लंत तर बिलात लागतं, नको असेल तर हसून परत करा, कोणी रागावत नाही. पहिल्या रात्री आम्हाला वाटलं पाहुणचार आहे. टिप सक्तीची नाही, आवडलं तर थोडी सुट्टी नाणी ठेवायची. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं.

पिवळ्या ट्रामचा फोटो काढायचाय. कधी जावं?

अठ्ठावीस नंबर. मार्तिम मोनिझहून काम्पु द ओरीक भागापर्यंत जाते, टेकड्या चढत-उतरत, गल्ल्या इतक्या अरुंद की हात काढला तर भिंत लागेल. सकाळी आठच्या आत जा, नाहीतर तासभर रांग आणि उभ्याने प्रवास. त्या गर्दीत पाकीटमार असतात. माझ्यासमोर एका आजोबांचं पाकीट गेलं, त्यांना उतरल्यावरच कळलं. पासपोर्ट खोलीत ठेवा, सोबत झेरॉक्स. काही घडलंच तर रेश्तावरादोरेश चौकात पर्यटकांसाठी वेगळी पोलीस चौकी आहे, आणीबाणीचा नंबर ११२.

टेकडीवर चढणाऱ्या ग्लोरिया केबल-ट्रामबद्दल खूप जण विचारतात. आम्ही तिच्यात बसलो होतो. आम्ही परतल्यावर तीन महिन्यांच्या आतच, ३ सप्टेंबर २०२५ला, तिचा भीषण अपघात झाला आणि १६ माणसं गेली. ती बातमी वाचून आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. तुमच्या यादीत ती धरू नका.

जूनमध्येच का गेलात?

सांतो आंतोनियोसाठी. हा संत लिस्बनचाच, आणि तिथे तो लग्नं जुळवणारा मानला जातो. १२ जूनच्या रात्री सगळं जुनं शहर रस्त्यावर येतं. आल्फामाच्या गल्ल्यांत कागदी झुरमुळ्या, शेगड्यांवर सार्डिन भाजतात, पावाच्या तुकड्यावर एक मासा ठेवून हातात देतात. धुराने डोळे चुरचुरतात. आजोबा-आजी जोडीने नाचत असतात. मोठ्या रस्त्यावर वस्त्यावस्त्यांची पथकं सजून, गात जातात. आपल्याकडच्या विसर्जन मिरवणुकीत लेझीम बघत उभं राहिल्यासारखं वाटलं.

त्या दिवशी आवडत्या माणसाला ‘मांजेरिकु’ची कुंडी द्यायची पद्धत आहे. बारीक पानांचं, चेंडूसारखं गोल रोपटं, आपल्या सब्ज्याच्या जातीचं, म्हणजे तुळशीच्याच गोतातलं. त्यात कागदी फूल आणि चार ओळींची प्रेमाची कविता खोचलेली असते. या रोपाला नाक लावून वास घ्यायचा नाही, नाहीतर कोमेजतं असं मानतात. तळहात हळूच वरून फिरवायचा आणि हाताचा वास घ्यायचा. देवाचं फूल हुंगू नये, असं आपल्याला लहानपणी सांगतात ना, तसंच. नवऱ्याने मला कुंडी घेतली, विकणाऱ्या मुलीने कवितेचा अर्थ इंग्रजीत सांगितला आणि आम्ही दोघंही लाजलो.

त्या आठवड्यात घरभाडं चढं असतं. शांतता हवी असेल तर सप्टेंबर अखेर चांगला. ऑगस्टमध्ये गर्दी, नोव्हेंबरपासून पाऊस. जूनमध्येही संध्याकाळी वारा झोंबतो, पातळ जॅकेट लागतंच.

काय बघावं, काय सोडावं?

सेन्योरा दु मोंत या उंच जागी सूर्यास्त बघा, जूनमध्ये तो नऊच्या सुमारास होतो. काइश दो सोद्रेहून नदीपलीकडे काशील्यासला फेरीबोट जाते. दहा मिनिटांचा, अगदी स्वस्त प्रवास, आणि पाण्यावरून सगळं शहर एका नजरेत दिसतं. महागड्या बोट सहलींपेक्षा मला हेच आवडलं. फाडो, म्हणजे तिथलं हुरहुर लावणारं पारंपरिक गाणं, ऐकाच. गाणं सुरू झालं की दिवे मंद होतात आणि कोणी काट्याचमच्याचाही आवाज करत नाही. टाइल्सच्या संग्रहालयात भूकंपाआधीच्या लिस्बनचं सुमारे तेवीस मीटर लांबीचं चित्र आहे, निळ्या-पांढऱ्या टाइल्सवर. शियादो भागातलं बेर्त्रांद हे पुस्तकाचं दुकान १७३२ सालचं.

बायशातून वरच्या वस्तीत नेणाऱ्या सान्ता जुश्ताच्या जुन्या लिफ्टची रांग सोडली तरी चालेल, मागच्या चढाने वरच्या टोकाला पायी जाता येतं. सिंत्रा या राजवाड्यांच्या गावाला एक पूर्ण दिवस द्या, रोसियो स्टेशनवरून चाळीस मिनिटं. पेना राजवाड्याचं तिकीट वेळेनुसार असतं, आधीच काढा. सोमवार टाळा, त्या दिवशी लिस्बनची बरीच संग्रहालयं बंद असल्यामुळे सगळे तिकडे लोटतात.

वास्को द गामाची कबर बघायला जावं का? गोव्याचा विचार मनात येतो.

यायलाच हवा. बेलेंच्या जेरोनिमुश मठाचं काम १५०१मध्ये सुरू झालं. आत शिरल्यावर गामाची कोरीव कबर आहे. १५२४मध्ये तो कोचीनला वारला, अवशेष नंतर इकडे आणले. दगडात कोरलेले दोरखंड, समुद्री वेली, इतकं नाजूक काम मी कुठे पाहिलं नव्हतं. नवरा मात्र पाच मिनिटांत बाहेर आला. “सुंदर आहे, पण कशाच्या पैशातून?” एवढंच म्हणाला. मला त्याचं पटलं. गोव्यावर १५१०पासून १९६१पर्यंत त्यांचं राज्य होतं आणि १५६०मध्ये तिथे इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याचा ठपका ठेवून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय, बसवलं गेलं. हे सगळं माहीत असून बघा.

दुसऱ्या दिवशी आम्ही कश्काइशला समुद्रावर निघालो. त्या लोकल गाडीला वाटेत काशियास नावाचं स्टेशन लागतं. इथल्या किल्ल्यातल्या तुरुंगात मोहन रानडे होते. सांगलीचे, गोवा मुक्तिसंग्रामातले. १९५५मध्ये पकडले गेले, २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेलं. गोवा १९६१ला मुक्त झाला तरी ते सुटले नाहीत, १९६९मध्ये सुटले. त्यांच्या सुटकेसाठी सुधीर फडके झटले होते. गाडी त्या स्टेशनात मिनिटभर थांबते. शाळेच्या सहलीची पोरं चढली, टॉवेल गळ्यात, वाळूचे डबे हातात. आम्ही खिडकीतून टेकडीकडे बघत राहिलो. पोर्तुगालमधली हुकूमशाही २५ एप्रिल १९७४ला संपली, त्याच वर्षअखेर त्यांनी गोवा भारताचा असल्याचं मान्य केलं. नदीवरच्या लाल पुलाचं नाव २५ एप्रिल हेच आहे. तिथले लोक त्या तारखेबद्दल फार जिव्हाळ्याने बोलतात.

पैशाचं काय करावं?

फॉरेक्स कार्ड आणि थोडे रोख युरो. मशिनवर ‘रुपयात भरू की युरोत?’ असं विचारलं तर नेहमी युरो निवडा, रुपयाचा दर वाईट लावतात. पैसे काढायला बँकेच्या ‘मुल्तिबांकु’ मशिनवर जा. गल्लीतल्या कॅफेत काउंटरवर उभ्याने कॉफी युरोच्या आसपास पडते, चौकातल्या खुर्चीवर तीच दुप्पट-तिप्पट. बायशात कोणी गॉगल किंवा काहीबाही पुडी पुढे केली तर मान हलवून चालू लागा.

चोवीस तास एकत्र राहून कंटाळा किंवा भांडण होत नाही का?

झालं, पायऱ्यांवर झालंच. मग आम्ही एक ठरवलं: रोज दुपारी दोन तास वेगळे. तो धक्क्यावर गळ टाकून बसलेल्या म्हाताऱ्यांजवळ जाऊन बसायचा, मी टाइल्स बघत गल्ल्या फिरायचे. संध्याकाळी भेटलो की दोघांकडे सांगायला काहीतरी असायचं. आणि एक दिवस त्याने ठरवायचा, एक मी. दुसऱ्याने कुरकुर करायची नाही. घरी आल्यावरही रविवारी आम्ही हे पाळतो.

येताना काय आणावं?

सार्डिनचे रंगीत डबे, जाड सुती टॉवेल, नव्या हातरंगी टाइल्स. मंगळवारी आणि शनिवारी भरणाऱ्या फेइरा दा लाद्रा या जुन्या बाजारात सुट्या जुन्या टाइल्स दिसतील, त्या घेऊ नका. कित्येकदा त्या जुन्या घरांच्या भिंतींवरून चोरून उचकटलेल्या असतात.

मांजेरिकुची कुंडी आणता येत नाही, रोपांना प्रमाणपत्र लागतं. आमची आम्ही मालकीणबाईंना देऊन आलो. त्यांनी ती त्याच जनेलात ठेवली, सकाळचं ऊन येतं त्या बाजूला.